कृत्तिकांचा फोटो: आकाश कधी पोपटी, कधी तपकिरी, बॅकग्राउंड न्यूट्रल करायचं तरी कसं?

वेल्हे_रात्रपाळी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच विचारतोय, सांभाळून घ्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या शनिवारी वेल्ह्याच्या पुढे मित्राच्या शेतावर गेलो होतो, कृत्तिका घ्यायच्या म्हणून. कॅनन २००डी (मॉडिफाय न केलेला), २०० एमएम लेन्स एफ ४ वर, स्टार ॲडव्हेंचरर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर), आयएसओ ८००, ६० सेकंदांच्या १२० फ्रेम म्हणजे बरोबर दोन तास. डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) ३०. फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) पहाटे तिथेच टी-शर्ट लावून घेतले, फोकसला हात न लावता.

सिरिल सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करून (सगळ्या फ्रेम एकत्र करून) ऑटोस्ट्रेच (अंधुक भाग ताणून उजळ दाखवणं) मारला तर अख्खा फोटो पोपटी! मग कुठेतरी बघितलं होतं तसं फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून फोटोचे रंग जुळवणं) केलं, तर हिरवं गेलं पण उजवीकडे खाली विटकरी आणि डावीकडे वर निळसर राखाडी असं काहीतरी आलं. मग वैतागून टिफ केली, फोटोशॉपमध्ये नेली आणि टेंपरेचर-टिंटचे स्लायडर ओढत बसलो. आकाश एकदाचं राखाडी झालं पण तारे गेले कामातून. कृत्तिका निळ्या पाहिजेत ना, त्या झाल्यात वांग्याच्या रंगाच्या.

दोन रात्री यात गेल्या, बायको म्हणते फोन वर धरून काढला असतास तर याच्यापेक्षा बरा आला असता. नक्की कुठे चुकतंय? आणि बॅकग्राउंड न्यूट्रल म्हणजे पूर्ण काळं करायचं असतं का?

शॉर्टकट_सम्राट

एवढं काय त्यात, रिमूव्ह ग्रीन नॉइज मार, एका क्लिकमध्ये हिरवं साफ. मी तर स्टॅक उघडला की पहिलं तेच करतो.

ज्येष्ठा_नागपूर

सम्राट, तू पहिलं तेच करतोस हे तुझ्या फोटोंवरून कळतं रे 😄 सगळ्यांच्या आकाशाला ती गुलाबी छटा असते ना, ती त्याचीच.

वेल्हे, आधी तो पोपटी रंग मनातून काढून टाक. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर हिरव्याला जास्त संवेदनशील असतो आणि कॅमेऱ्याच्या आत जे व्हाइट बॅलन्स होतं ते रॉ फाइलला लागलेलंच नसतं, म्हणून हिरवं दिसतं. (लोक सांगतात की चार पिक्सेलांत दोन हिरवे म्हणून हिरवं, पण ते कारण नव्हे, डिबेअर करताना (पिक्सेलांपासून रंगीत चित्र बनवताना) त्या दोघांची काही बेरीज होत नाही.) सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेचच्या शेजारी साखळीचं बटण आहे बघ, ती साखळी सोडलीस की तिन्ही चॅनेल वेगवेगळे ताणले जातात आणि चित्र लगेच बरं दिसतं. पण ते फक्त स्क्रीनवर हं, फाइलमध्ये काहीच बदललेलं नसतं.

आता मुद्द्याचं. तारे वांग्याच्या रंगाचे का झाले, तर आकाशाची झाक ही ताऱ्याच्या प्रकाशात मिसळलेली असते, बेरीज असते ती. आणि तू ती घालवायला गुणाकार वापरलास, कारण टेंपरेचरचा स्लायडर मुळात चॅनेलला गुणतो.

आकडे घेऊन बघ. समजा रिकाम्या आकाशात लाल १२००, हिरवा १८००, निळा १००० असं आहे. त्यात एक पांढरा तारा बसला, त्याचे स्वतःचे तिन्हीकडे ५००. म्हणजे ताऱ्याच्या जागी वाचन येणार १७००, २३००, १५००. आता आकाशाचे आकडे वजा कर: ५००, ५००, ५००. तारा पांढराच राहिला. तेच गुणून करायचं ठरवलंस, आकाश सगळीकडे १२०० यावं म्हणून हिरव्याला दोन तृतीयांश केलंस आणि निळ्याला १.२ ने गुणलंस, तर तारा होतो १७००, १५३३, १८००. त्यातलं आकाशाचं १२०० बाजूला काढ, ताऱ्याच्या वाट्याला उरलं ५००, ३३३, ६००. हिरवं मेलं, निळं चढलं. झालं तुझं वांगं.

तेव्हा बॅकग्राउंड वजाबाकीने, ताऱ्यांचा रंग गुणाकाराने. आणि दोन्ही स्ट्रेच करायच्या आधी, कारण स्ट्रेच केल्यावर आकडे सरळ रेषेत राहत नाहीत, मग ही वजाबाकी बरोबर बसत नाही.

क्रम असा ठेव: स्टॅकच्या कडा क्रॉप, मग ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडाचा एका कडेपासून दुसरीपर्यंतचा उतार) काढायचा, मग प्लेट सॉल्व्ह करून (फोटोत आकाशाचा कुठला भाग आहे ते सॉफ्टवेअरकडून ओळखून) फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन, हिरवं अजून उरलंच असेल तर थोडंसं ग्रीन नॉइज, आणि मग स्ट्रेच. तू ग्रेडियंट काढलाच नाहीस असं वाटतंय, म्हणून एक कोपरा विटकरी आणि एक निळसर.

शॉर्टकट_सम्राट

बरं बाई, मान्य. पण मग हिरवं काढायचंच नाही का कधी?

ज्येष्ठा_नागपूर

काढ की, पण शेवटी, आणि डोकं वापरून. खोल आकाशात हिरवे तारे नसतात त्यामुळे तिथे चालतं. पण धूमकेतूवर मारशील तर गेलास. २०२३ च्या सुरुवातीचा तो झेडटीएफ आठवतोय ना, त्याचं डोकं खरोखरच हिरवं होतं, कार्बनच्या रेणूंमुळे. ग्रहीय तेजोमेघांत ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा मोरपंखी असतो, तोही असाच मरतो.

गच्ची_डोंबिवली

ग्रेडियंटवर मी बोलतो, माझी त्यात पीएचडी झालीय, आमच्या गच्चीवरून एका बाजूला स्टेशन आणि दुसऱ्या बाजूला नवीन टॉवरचे एलईडी 😭

वेल्ह्याहून पुणे ईशान्येला. कृत्तिका तुझ्याकडे साडेदहाच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येऊन मग पश्चिमेला कलणार. म्हणजे ट्रॅकर तारे जागेवर धरून ठेवतो पण पुण्याचा उजेड फ्रेमच्या हिशोबाने सरकत राहतो, सुरुवातीला एका कडेला आणि शेवटी भलत्याच कडेला. हे सगळं एकत्र स्टॅक केलं की जो ग्रेडियंट तयार होतो तो साधा उतार राहत नाही, त्याचं वळणावळणाचं काहीतरी होतं. त्यातही जुने सोडियमचे दिवे नारिंगी, नवीन एलईडी निळ्याला जोर देणारे, त्यामुळे तिन्ही चॅनेलचा उतार वेगळा. म्हणूनच अख्ख्या फोटोतून एकच आकडा वजा केला तर एक कोपरा बरा होतो आणि दुसरा बिघडतो.

मी काय करतो ते सांगतो. स्टॅकच्या आधी, कॅलिब्रेट झालेल्या सगळ्या फ्रेमना सिरिलमधलं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन लावतो, पॉलिनॉमियल, डिग्री १, म्हणजे नुसता सरळ उतार. एका फ्रेमपुरता उजेड बहुतेक सरळच असतो. मग स्टॅक. मग स्टॅकवर परत एकदा, पण या वेळी सॅम्पल (आकाश मोजायच्या जागा) हाताने बघून. जनरेट केलं की सगळीकडे चौकोन पसरतात, त्यातले कृत्तिकांवरचे, मोठ्या ताऱ्यांवरचे राइट क्लिकने उडवायचे, मग कंप्यूट. वजाबाकी निवड, भागाकार नाही, भागाकार हा व्हिनेटिंगसाठी (फोटोच्या कडा काळवंडतात ते) आणि त्यासाठी तू फ्लॅट घेतलेच आहेस.

हे सगळं नको असेल तर ग्राएक्स्पर्ट आहे, फुकट आहे, एआयवाला मोड एका बटणावर चालतो. पण मला हाताने करायला आवडतं, निदान काय कापलं जातंय ते कळतं.

वेल्हे_रात्रपाळी

ताई ते आकड्यांचं डोक्यात फिट बसलं, धन्यवाद 🙏 गच्ची, तुझं पण केलं. डिग्री १ फ्रेमवर, मग स्टॅकवर डिग्री ४ (मला वाटलं जास्त डिग्री म्हणजे जास्त चांगलं), सॅम्पल भरपूर टाकले, कृत्तिकांवरचे तेवढे काढले. मग कॅलिब्रेशन.

तारे झकास निळे आले!! आकाश पण एकदम सपाट. पण आता आकाश डांबरासारखं काळं दिसतंय आणि गेल्या वेळी जी धूळ पुसटशी दिसत होती कृत्तिकांच्या भोवती, ती गायब. फक्त ताऱ्यांच्या अगदी जवळचे निळे पट्टे राहिलेत. असंच असतं का?

जुना_भिंग

नाही, असं नसतं, तू धूळ खाल्लीस 🙂

फिल्मच्या काळापासून या नादात आहे म्हणून दोन शब्द. तुझी फ्रेम आहे साधारण साडेसहा अंश बाय सव्वाचार. त्यात कृत्तिका मधले दोन अंश. बाकीचं तुला रिकामं आकाश वाटतं, पण तिथे रिकामं जवळपास काहीच नाही. कृत्तिका आपल्यापासून ४४० प्रकाशवर्षांच्या आसपास, आणि ती निळी धूळ त्यांच्या जन्माच्या वेळची उरलेली नव्हे, वाटेत आलेल्या धुळीच्या ढगातून तारे सध्या चाललेत. तो ढग काही फ्रेमच्या मापाने कापलेला नाही, पार कोपऱ्यांपर्यंत पसरलेला आहे, फक्त अंधुक. तू त्या ढगावर सॅम्पल ठेवलेस आणि सॉफ्टवेअरला सांगितलंस की हे शून्य आहे. डिग्री ४ ला वळायला भरपूर वाव असतो, ती त्या धुळीच्या आकाराप्रमाणे वळली आणि धूळच वजा करून मोकळी झाली.

तेव्हा सॅम्पल कमी. अगदी दहा-पंधरा पुरतात. कुठे ठेवायचे ते ठरवायला याच भागाचा कोणाचातरी खोल, रुंद फोटो शेजारी उघडून ठेव आणि त्यात जिथे खरोखर सगळ्यात अंधार आहे तिथेच तुझे चौकोन टाक. डिग्री १, फार तर २. फ्रेमवर एकदा सरळ उतार काढलाच आहेस, उरलंय किती.

तीच गोष्ट बॅकग्राउंड रेफरन्सची. सिरिलमधलं कॅलिब्रेशन बॅकग्राउंड आपोआप निवडतं, तो ऑटोचा टिक काढ आणि स्वतः एक छोटा चौकोन त्या सगळ्यात अंधाऱ्या जागी आख. पिक्सइनसाइट हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे बॅकग्राउंड न्यूट्रलायझेशनमध्ये जो प्रिव्ह्यू देतात तो हाच प्रकार. रेफरन्स तपकिरी धुळीवर पडला तर सॉफ्टवेअर इमानदारीत ती धूळ राखाडी करणार आणि मग खरं रिकामं आकाश निळं दिसणार. मग माणूस म्हणतो सॉफ्टवेअर चुकलं.

आणि काळं करायचं का, तर अजिबात नाही. स्ट्रेच झाल्यावर २५५ पैकी २० ते ३० च्या मध्ये कुठेतरी आकाश राहू दे, तिन्ही चॅनेल एकमेकांच्या एक-दोन आकड्यांत. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, ड्रॉपर (लाल-हिरवा-निळा आकडे वाचणारं टूल) वापर. तोसुद्धा एका पिक्सेलचा नको, त्यात नुसता नॉइज वाचशील, फोटोशॉपमध्ये ५१ बाय ५१ ची सरासरी लाव आणि चार-पाच जागी टेकवून बघ. रात्री मॉनिटरचा नाइट मोड चालू ठेवून रंग ठरवणारी माणसं मी बघितली आहेत (एक तर रोज आरशात बघतो).

गच्ची_डोंबिवली

काका एक शंका. आधी तिन्ही चॅनेलचं आकाश वजाबाकीने सारखं केलं, आणि मग कॅलिब्रेशनने लाल-निळ्याला वेगवेगळं गुणलं, तर सारखं केलेलं आकाश परत वेगळं नाही का होणार? मग आधी करून उपयोग काय?

जुना_भिंग

बरोबर पकडलंस. होतं वेगळं, कारण आपण आकाश शून्यावर नेत नाही, थोडं शिल्लक ठेवतो, आणि त्या शिलकीलाही गुणाकार लागतो. म्हणूनच कॅलिब्रेशनचं टूल गुणाकार करून झाल्यावर आकाश पुन्हा एका पातळीवर आणतं. त्याला तो रेफरन्स चौकोन याच कामासाठी हवा असतो. आधी जे करायचं ते ग्रेडियंटसाठी, म्हणजे कुठलाही कोपरा घेतला तरी आकाश तेच असावं म्हणून.

बाकी एक सांगतो, आकाश राखाडी असायलाच हवं हा आपण सोयीसाठी केलेला करार आहे. अंधाऱ्यात अंधाऱ्या जागीसुद्धा हवेचा स्वतःचा उजेड असतो, ऑक्सिजनचा हिरवा ५५७.७ ला आणि लाल ६३० ला. ज्येष्ठेच्या भोवतालचा भाग कधी घेतलायस का? पिवळा, निळा, गुलाबी ढग आणि मधेमधे काळपट तपकिरी पट्टे, तिथे २०० एमएमच्या फ्रेममध्ये राखाडी शोधायला गेलास तर वेडा होशील. हंसातल्या त्या लाल हायड्रोजनमध्येही तेच. तिथे मी मुद्दाम छोट्या लेन्सने एक रुंद फोटो घेऊन ठेवतो, त्यात बॅकग्राउंड कुठे आहे ते बघतो आणि मोठ्या लेन्सचा फोटो त्याच्याशी जुळवतो.

ज्येष्ठा_नागपूर

माझ्या आयडीला ढग म्हणालात काका, पण माफ 😄

वेल्हे_रात्रपाळी

काका ऐकलं तुमचं. डिग्री १, बारा सॅम्पल, चौकोन डावीकडे वर एका अंधाऱ्या जागी. धूळ परत आली!! आणि पहिल्यापेक्षा जास्त दिसतेय, तपकिरी-राखाडी अशी, मला तर विश्वासच बसेना. ड्रॉपरने वाचलं: २५-२५-२६, २४-२५-२५, २६-२५-२५. पण उजवीकडे खाली ३४-२५-२५. तो विटकरी कोपरा काही जात नाहीये. डिग्री वाढवली तर जातो, पण धूळ पण जाते. हा पुण्याचा उजेड आहे का अजून?

गच्ची_डोंबिवली

नुसता लाल वाढलाय, हिरवा-निळा जागेवर? पुण्याचा उजेड नाही तो. शहराचा उजेड तिन्ही चॅनेलमध्ये असतो, कमी-जास्त असेल पण असतो. तुझा कॅमेरा मॉडिफाय नाही म्हणजे हायड्रोजनचा लाल पण इतका येणार नाही, आणि तिथे कृत्तिकांजवळ तसा लाल ढग पण नाही. एक काम कर, स्टॅक बाजूला ठेव आणि एकेक फ्रेम बघ. सिरिलमध्ये सिक्वेन्स उघड, वरचा फक्त लाल चॅनेलचा टॅब घे, ऑटोस्ट्रेच लाव आणि खाली यादीतून एकामागोमाग एक क्लिक करत जा. कोपरा सगळ्या फ्रेममध्ये लाल आहे की काहींमध्येच ते सांग.

वेल्हे_रात्रपाळी

अरे देवा. फ्रेम ७१ पासून ९६ पर्यंत आहे. आधी नाही, नंतर नाही. ७० मध्ये कोपरा साफ आणि ७१ मध्ये धपकन उजळ, ९७ ला परत साफ.

ज्येष्ठा_नागपूर

मग हे आकाशातलं नाहीच, आकाशातलं काही असं बटण दाबल्यासारखं सुरू-बंद होत नाही. २६ फ्रेम म्हणजे साधारण अर्धा तास. त्या वेळी तू काय करत होतास आठव. लाल टॉर्च?

वेल्हे_रात्रपाळी

😐

कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. थर्मासमधला चहा, शेंगदाणा चिक्की आणि पुढच्या टार्गेटची यादी वाचत होतो. हेडलॅम्प लाल मोडवर. लेन्सच्या पुढे एकदाही गेलो नाही पण, शप्पथ. मागे होतो.

जुना_भिंग

मागेच तर प्रॉब्लेम आहे. डीएसएलआर ना? व्ह्यूफाइंडर. एक्स्पोजरच्या वेळी आरसा वर जाऊन तो रस्ता बंद करतो पण सील काही पाणी न झिरपणारं नसतं, मिनिटभर डोळ्याच्या भोकात लाल हेडलॅम्प मारलास की एका कडेला थोडा झिरपतो. खात्री करायची असेल तर लेन्सला झाकण लावून खोलीत अंधार कर, मागून तोच हेडलॅम्प धर आणि ६० सेकंद घे.

आणि स्टॅकिंगच्या रिजेक्शनने (बाकी फ्रेमपेक्षा वेगळं पडणारं गाळणं) का नाही काढलं, तर एखाद्या फ्रेममधलं विमान ते काढतं, पण १२० पैकी २६ फ्रेम म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त, शिवाय थोडासाच वाढलेला, त्याला त्यात काही वावगं वाटतच नाही.

त्या २६ फ्रेम सोडून परत स्टॅक कर. ९४ मिनिटं उरतील, चालेल.

शॉर्टकट_सम्राट

म्हणजे मी एकटाच शॉर्टकट मारत नाही तर 😂 बाय द वे कॅननच्या गळ्यातल्या पट्ट्यावर एक काळं रबर अडकवलेलं असतं बघ, ते त्यासाठीच असतं. डोळ्याचं रबर काढायचं आणि ते बसवायचं.

वेल्हे_रात्रपाळी

सम्राट मानलं तुला. चार वर्षं ते रबर पट्ट्यावर लोंबतंय, मला वाटायचं पट्टा आवळायचं काहीतरी आहे.

काल बाथरूममध्ये दिवा घालवून झाकण लावून टेस्ट घेतली, हेडलॅम्प मागून. उजवीकडे खाली तोच कोपरा लाल. रबर लावून परत घेतली, काही नाही. मग ९४ फ्रेमचा स्टॅक, फ्रेमवर डिग्री १, स्टॅकवर डिग्री १, बारा सॅम्पल, चौकोन तोच. चारही कोपरे वाचले: २५-२५-२५, २५-२५-२६, २४-२५-२५ आणि तो नालायक कोपरा २६-२५-२५. ग्रीन नॉइज मारायची वेळच आली नाही.

धूळ थोडी दाणेदार आहे अजून, ती पौष अमावास्येला अजून दोन तास घेऊन भरून काढतो. खुर्ची या वेळी वीस पावलं लांब.

गच्ची_डोंबिवली

चिक्की कुठली ते सांग आणि आम्हाला पण ने.